तिकीट एका दिवसाचं, पण कुठल्या दिवसाचं? आशियातल्या थीम पार्कांचं न दिसणारं गणित

माझ्या मावसबहिणीने परवा रात्री साडेअकराला दोन स्क्रीनशॉट पाठवले. दोन्ही टोकियो डिस्नेलँडच्या एका दिवसाच्या तिकिटाचे. एकावर मोठ्या माणसाचा दर ७,९०० येन, दुसऱ्यावर १०,९०० येन. पार्क तेच, राइड त्याच. खाली एका ओळीचा प्रश्न: ‘अगं, हे आपल्याला बनवतायत का?’

येन ५५ ते ६० पैशांना धरला, तर हा फरक माणशी सतराशे रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे प्रश्न रास्त होता. बनवत मात्र कोणी नाही. उलट त्या दोन आकड्यांत पार्कवाल्यांनी एक फार उपयोगाची माहिती फुकट देऊन टाकली आहे. ती वाचता आली तर सहल अर्धी सोपी होते. कारण परदेशातल्या थीम पार्कमध्ये आपण खरे पैसे मोजतो ते राइडसाठी नाही, वेळेसाठी. आणि वेळ खाते ती रांग.

दर म्हणजे गर्दीचा अंदाज

दिवाळीत पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या खासगी बसचं तिकीट काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. बस तीच, खड्डे तेच, भाडं दुप्पट. थीम पार्कनेही तेच केलं आहे. टोकियो डिस्नेने मार्च २०२१ पासून तारखेनुसार वेगवेगळे दर लावले, आणि ७,९०० ते १०,९०० ही पट्टी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ओसाकाचा युनिव्हर्सल स्टुडिओज, हाँगकाँग आणि शांघायची डिस्नेलँड, सगळीकडे आता हाच रिवाज आहे.

यात पार्कचा फायदा आहेच. पण आपल्या दृष्टीने बघा. कुठल्या तारखेला किती लोक येणार हे जगात सर्वांत चांगलं कोणाला माहीत असेल, तर त्या पार्कला. वर्षानुवर्षांचा हिशोब त्यांच्याकडे आहे. म्हणून दरांची ती दिनदर्शिका म्हणजे गर्दीचा हवामान अंदाजच. सगळ्यांत महाग दिवस म्हणजे ‘या दिवशी मुंगीलाही जागा नसेल’ अशी पाटी. जास्त पैसे देऊन आपण तिथे कमी राइड करतो. स्वस्त दिवशी दोन्हीकडून फायदा.

तिकिटावर तारीख छापलेली असते आणि एकदा घेतलं की पैसे परत मिळत नाहीत. म्हणून आधी व्हिसा, मग तिकीट. हा क्रम उलटा करून पस्तावलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. टोकियोची तिकिटं दोन महिने आधी, जपानी वेळेनुसार दुपारी दोन वाजता खुली होतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेदहा. तत्काळचं तिकीट काढायची सवय असलेल्या घराला हे नवीन नाही. फक्त इथे रोज अटीतटी होत नाही, गर्दीच्या तारखांनाच होते. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, ४ ते ११ ला लहानांचं, १२ ते १७ ला मधलं.

नाव एक, मालक वेगवेगळे

यूट्यूबवर डिस्नेचे व्हिडिओ बघून तयारी करणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. फ्लोरिडाचा व्हिडिओ बघायचा आणि टोकियोला जायचं, म्हणजे दुसऱ्याच बोर्डाच्या पुस्तकावर दहावीचा अभ्यास.

टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ ला सुरू झालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. ते डिस्ने कंपनीच्या मालकीचं नाही. ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी ते चालवते आणि नाव वापरण्याबद्दल डिस्नेला पैसे देते. (आणि ते टोकियोतही नाही. शेजारच्या चिबा प्रीफेक्चरमधल्या, म्हणजे प्रांतातल्या, उरायासू शहरात, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर आहे.) त्याला लागूनच २००१ मध्ये डिस्नेसी हे दुसरं पार्क आलं, ज्याचं तिकीट वेगळं. हाँगकाँगचं डिस्नेलँड २००५ चं, त्यात तिथल्या सरकारचा हिस्सा निम्म्याहून जास्त. शांघायचं २०१६ चं, त्यात शेंडी ग्रुप या चिनी सरकारी कंपनीचा वाटा ५७ टक्के. आपल्याला शेंडी लागली असं म्हणायचा मोह इथे आवरते. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचा युनिव्हर्सल स्टुडिओज गेंटिंग या कॅसिनो-हॉटेलवाल्या समूहाकडे, तर ओसाकाचा थेट अमेरिकेच्या कॉमकास्ट या कंपनीकडे.

हे सामान्यज्ञान म्हणून सांगत नाही. मालक वेगळा म्हणजे ॲप वेगळं, रांग टाळायचे नियम वेगळे, एका ठिकाणचा पास दुसरीकडे चालत नाही. जिथे जायचं त्याच पार्कचं ॲप घ्यायचं आणि त्याचेच नियम वाचायचे.

रांग पुढे का सरकत नाही?

आता मुख्य मुद्दा. समजा एक राइड तासाला १,२०० लोकांना फिरवते. तुमच्या पुढे १,८०० माणसं आहेत. मग थांबायचं दीड तास. इतकं सोपं गणित. राइड वेगाने चालवता येत नाही, माणसं गाळता येत नाहीत. म्हणून रांग छोटी करायला दोनच उपाय: लोक नसताना जाणं, किंवा दुसऱ्या रांगेतून जाणं.

ही दुसरी रांग समजायला लालबागला चला. तिथे नवसाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि तिसरा एक दरवाजा असतो ज्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं. थीम पार्कनी तो तिसरा दरवाजा उघड केला आणि त्यावर दर लावला. टोकियो, हाँगकाँग, शांघायला त्याला ‘प्रीमियर ॲक्सेस’ म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये ‘एक्सप्रेस पास’. तिरुपतीच्या तीनशे रुपयांच्या दर्शनासारखंच हे, फक्त प्रत्येक देवाला वेगळी पावती.

आणि इथे एक गोष्ट घडते जी उभ्या माणसाला दिसत नाही. दोन्ही रांगा शेवटी एकाच दारापाशी मिळतात. तिथला कर्मचारी पैसे दिलेल्या रांगेतून, समजा, दोन माणसं घेतो तेव्हा साध्या रांगेतून एक घेतो. म्हणजे तासाच्या १,२०० जागांपैकी ८०० तिकडे गेल्या, आपल्या वाट्याला ४००. पुढे फक्त २०० माणसं दिसतात म्हणून आपण खूश होतो, आणि तरी अर्धा तास जातो. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण रांग ‘अडकते’ ती बहुतेक वेळा अशी. म्हणून पुढची डोकी मोजत बसू नका. दाराशी किंवा ॲपवर मिनिटांचा आकडा लिहिलेला असतो, त्यावर विश्वास ठेवा.

टोकियोत प्रीमियर ॲक्सेस मे २०२२ मध्ये आला. एका राइडला माणशी १,५०० ते २,५०० येन, आणि तो पार्कमध्ये शिरल्यावरच ॲपवर घेता येतो. एक घेतला की तासाभराने किंवा त्याची वेळ सुरू झाली की दुसरा. युनिव्हर्सलचा एक्सप्रेस पास मात्र घरबसल्या आधीच घेता येतो. ओसाकात तो तारखेनुसार महागतो, कित्येक दिवशी प्रवेशाच्या तिकिटाहून महाग पडतो, आणि तरीही आधीच संपतो. तिथे मारिओचं सुपर निंटेंडो वर्ल्ड आहे, २०२१ चं. गर्दीच्या दिवशी त्या भागात शिरायलाच वेळ ठरवून दिलेलं वेगळं मोफत तिकीट लागतं. एक्सप्रेस पासमध्ये मारिओची राइड असली की ती वेळ आपोआप मिळते. ज्यांना माहीत नसतं ते मारिओच्या हिरव्या नळाच्या तोंडाशी उभे राहून फोटो काढून परत येतात.

‘पैसे देऊन पुढे घुसायचं? हे काही बरोबर नाही’

मावसबहिणीच्या सासऱ्यांचं हे म्हणणं. आयुष्यभर रेशनच्या, गॅसच्या, एसटीच्या रांगेत प्रामाणिकपणे उभा राहिलेला माणूस, त्यांना हे खटकणारच. मलाही थोडं खटकतं. आत्ताच पाहिलं तसं, पैसेवाल्यांची रांग बाकीच्यांच्या वेळेतूनच कापून दिलेली असते. जागा नव्याने कोणी तयार करत नाही.

पण हिशोब म्हणून दुसरी बाजूही बघायला हवी. मुंबईहून चौघांची विमानाची तिकिटं, हॉटेल, व्हिसा धरून तिथला एकेक दिवस किती हजारांना पडला ते कागदावर मांडा. मग त्या दिवसातले सहा तास रांगेत घालवणं स्वस्त की महाग, ते ठरवा. माझं मत असं: सगळ्या राइडसाठी पास घेणं उधळपट्टी, एकही न घेणं हट्ट. घरात बसून एक किंवा दोनच राइड निवडायच्या, ज्यांच्यासाठी मुलं रडतील. त्यांचा पास घ्यायचा. बाकी साध्या रांगेने.

आणि पैसे न देता रांग टाळायचे दोन रस्ते आहेतच. पहिला म्हणजे पहाट. टोकियोत दार साधारण नऊला उघडतं, पण सात वाजण्याआधीच बाहेर माणसं बसलेली असतात, खाली चटई टाकून. पहिल्या तासात जे होतं ते दुपारच्या तीन तासांत होत नाही. दुसरा रस्ता एकट्याचा. ओसाका आणि सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये काही राइडला ‘सिंगल रायडर’ रांग असते. काळी-पिवळीवाला ‘एक सीट, एक सीट’ ओरडतो ना, तेच. चार जणांच्या डब्यात तिघे बसले की रिकाम्या जागी एकटा माणूस कोंबतात. कुटुंब वेगळं बसतं, पण वेळ कितीतरी वाचतो. नवरा-बायकोचं भांडण झालेलं असेल तर उत्तमच.

आपली सुट्टी आणि त्यांची सुट्टी

आपल्या शाळा उन्हाळ्यात बंद, म्हणून आपण एप्रिल-मे धरतो. इथेच पाय घसरतो. २९ एप्रिल, मग ३, ४ आणि ५ मे, या जपानच्या जवळजवळ आलेल्या सुट्ट्या. त्याला तिथे गोल्डन वीक म्हणतात आणि अख्खा देश बाहेर पडतो. मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात ही त्यांच्या शाळांची वसंत सुट्टी. ऑगस्टच्या मध्यात ओबोन, म्हणजे त्यांचा पितरांचा सण. आपल्या पितृपक्षात कोणी सहलीला जात नाही, त्यांच्याकडे उलट.

गोल्डन वीक संपल्यावर मेच्या मध्यापासून एक चांगली फट असते. हवा सुखद, पाऊस अजून नाही. तो टोकियोकडे जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, आपल्यासारखाच. मात्र मे महिन्यात आठवड्याच्या मधल्या दिवशी शाळांच्या सहली असतात, गणवेशातली शेकडो मुलं एकदम. तरी ती गर्दी सणासुदीच्या गर्दीपुढे काहीच नाही.

काही तारखा तर कॅलेंडरवर लाल नसतानाही फसवतात. १५ जून हा चिबा प्रीफेक्चरचा नागरिक दिन, तिथल्या शाळांना सुट्टी. १४ नोव्हेंबर शेजारच्या सैतामाचा. त्या दिवशी सैतामाची मुलं कुठे जातात ते सांगायला नको. हाँगकाँग आणि शांघायला जाणार असाल तर १ ऑक्टोबरपासूनचा चिनी राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा आणि चांद्र नववर्ष टाळा. बाकी ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आणखी एक तपासणी: तुमची आवडती राइड दुरुस्तीला बंद तर नाही ना? टोकियोतलं स्पेस माउंटन जुलै २०२४ च्या अखेरीस कायमचं बंद झालं, नवं २०२७ मध्ये येणार आहे. बंद राइडची यादी पार्क काही महिने आधी जाहीर करतं, पण ती वाचतो कोण!

‘आमची टूर कंपनी सगळं बघते’

बघते, आणि अनेकदा चांगलं बघते. आईवडिलांना घेऊन जाताना तर मीही तोच मार्ग घेईन. पण पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. पार्कच्या दारात आपण किती वाजता पोचतो? किती वाजता बस निघते? आणि रांग टाळायचा पास किमतीत धरला आहे का? ‘थीम पार्क भेट’ या दोन शब्दांत सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच असा दिवसही मावतो, म्हणजे पहिला सोन्याचा तास गेला आणि रात्रीची रोषणाईही गेली. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाचा कर कंपनी तुमच्याकडून घेते. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवा.

स्वतः जाणाऱ्यांसाठी कागदपत्रांचं थोडक्यात: जपानला व्हिसा लागतोच. सिंगापूरलाही लागतो, अधिकृत एजंटमार्फत. हाँगकाँगला भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण त्याआधी इंटरनेटवर एक मोफत नोंदणी करून तिचा कागद बरोबर न्यावा लागतो. ‘व्हिसा लागत नाही’ एवढंच ऐकून विमानतळावर गेलेला माणूस विमानतळावरच राहतो.

मग कुठलं पार्क?

सहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर मी डोळे मिटून हाँगकाँग किंवा सिंगापूर म्हणेन. दोन्ही आकाराने लहान, एका दिवसात उरकणारी. सिंगापूरला इंग्रजीवर सगळं भागतं, शाकाहारी जेवणाची ददात नाही. हाँगकाँगला मेट्रोची खास गाडी थेट दारात सोडते, तिच्या खिडक्याही मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या. मुलांचा निम्मा आनंद तिथेच वसूल. २०२३ पासून तिथे ‘फ्रोझन’चं अख्खं गाव उभं आहे. टोकियो भव्य आहे, देखणं आहे. डिस्नेसीमध्ये २०२४ च्या जूनमध्ये उघडलेला फँटसी स्प्रिंग्ज हा भाग तर ३२० अब्ज येन खर्चून केला आहे. पण बोलणं सगळं जपानीत, चालणं अफाट आणि गर्दीही खूप. इमॅजिका किंवा पूर्वीचं एस्सेल वर्ल्ड मनात धरून गेलात तर अंदाज चुकेल. राइडची संख्या बघू नका, दोन राइडमधलं अंतर आणि थांबणं बघा.

फोन, ओटीपी आणि पुऱ्या

टोकियोत पास, नकाशा, थांबायची मिनिटं, हॉटेलातलं टेबल, सगळं ॲपवर. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर घ्या, म्हणजे पास एकदम काढता येतात. पण एक खाच आहे, आणि ती प्रत्येक भारतीय कुटुंबाला तिथे गेल्यावरच कळते. पैसे भरताना बँक ओटीपी पाठवते तो आपल्या इथल्या नंबरवर. आणि तो सिम आपण विमानात काढून, कागदात गुंडाळून पाकिटात ठेवलेला असतो. तोपर्यंत पास संपतो. इंटरनेटसाठी तिकडचं ई-सिम घ्या, इथला सिम रोमिंगवर जागा ठेवा, आणि कार्डावर परदेशी व्यवहार निघण्याआधी सुरू करा. पॉवर बँक हवीच.

जेवणाचं टोकियोत जड जातं. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये, सॉसमध्येही माशाचा अर्क असतो. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत. नाना चवींच्या पॉपकॉर्नवर दिवस काढता येतो, पण काढू नये. मात्र हाताशी एक सोय आहे: त्याच तिकिटावर बाहेर जाऊन परत आत येता येतं, आणि दाराबाहेर डबा खायला जागा ठेवलेली आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गूळपोळ्या तिथे बसून खा. दुपारची वेळ तशीही रांगांसाठी सर्वांत वाईट.

दारातला मोजपट्टीवाला

हे शेवटी ठेवलं, पण खरं तर सगळ्यांत आधी बघायचं. मोठ्या राइडना वयाची अट नसते, उंचीची असते. टोकियोत बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर, टॉवर ऑफ टेररला तेवढीच, डिस्नेसीतल्या इंडियाना जोन्सला ११७. दारात कर्मचारी पट्टी घेऊन उभा असतो, आणि एका सेंटिमीटरसाठी विनवण्या चालत नाहीत. तो वाकून, हसून, माफी मागून नाही म्हणतो. तो नियम मुलाच्या सुरक्षिततेसाठीच आहे, त्यामुळे रागावण्यात अर्थ नाही. लहान भावंड बसत नसेल तर आईबाबांनी पाळीपाळीने बसायची सोय असते, दोघांना दोनदा रांग लावावी लागत नाही. दारात आधी विचारायचं मात्र.

हे सगळं मी मावसबहिणीला लिहून पाठवलं. तिने ४ मे रद्द करून मेच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार धरला आहे, सासऱ्यांच्या संमतीने एकाच राइडचा पास घ्यायचं ठरलं आहे, आणि मार्चमधल्या एका सकाळी साडेदहाचा गजर लावून ठेवला आहे. काल तिने आणखी एक फोटो पाठवला. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट, त्यावर पेन्सिलची रेघ, आणि शेजारी चवड्यांवर उभा राहायचा प्रयत्न करणारा धाकटा. रेघेपाशी लिहिलंय ९९. जायला अजून चार महिने आहेत, आणि मुलगा दूध प्यायला तयार झाला आहे.